‘दृष्टिकोन बदल’ म्हणणाऱ्यांच्या हाती आधी चादर द्या

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या आहेत, शाळेत गणित शिकवायच्या. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. कोणीतरी घरी थांबायला हवं म्हणून यांनी नोकरी सोडली. आता दिवसभर चिडचिड होते, आणि रात्री आपण चिडलो याचाच राग येतो. नवरा, नणंद, शेजारच्या काकू सगळे एकच सांगतात, ‘दृष्टिकोन बदल, सगळं सोपं होईल.’ त्या विचारतात, दृष्टिकोन बदलून आयुष्याचा अनुभव खरंच बदलतो का, की ही नुसती मनाची समजूत? आणि बदलायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

मी २३ वर्षं समुपदेशन करते आहे. अंथरुणाला खिळलेलं माणूस स्वतःच्या घरात सांभाळूनही झालंय. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आधी मला सांगा, ज्यांनी तुम्हाला दृष्टिकोन बदलायला सांगितलं त्यांच्यापैकी कोणी गेल्या महिन्यात सासूबाईंच्या खालची चादर बदलली आहे का? माझा अंदाज, नाही. ‘दृष्टिकोन बदल’ हे आपल्याकडे बहुतेक वेळा ‘आता यावर बोलू नकोस’ याचं सभ्य रूप असतं. ज्याला कामात वाटा उचलायचा नसतो तो दुसऱ्याला दृष्टी वाटत सुटतो. तेव्हा तो सल्ला ऐकून तुमचं डोकं फिरत असेल तर ते ठिकाणावर आहे असंच मी म्हणेन.

तरीही सल्ला खोटा नाही. अनुभव बदलतो, मी शेकडो वेळा बदलताना पाहिलाय. फक्त तो ज्या रीतीने बदलतो असं लोकांना वाटतं, त्या रीतीने बदलत नाही.

लोकांना वाटतं, दृष्टिकोन बदलणं म्हणजे चांगली बाजू बघणं. सेवा आहे, पुण्य लागेल, मुलांवर संस्कार होतील, कोणाकोणाला तर सासूच नसते. हे सगळं तुम्ही स्वतःला सांगून पाहिलं असणार आणि पहाटे तीनला डायपर बदलताना त्यातलं काही कामी आलं नसणार. कारण वास येतोच. कंबर दुखतेच. मनाला खोटं सांगितलेलं कळतं, आणि मग मूळच्या त्रासात ‘मला साधं चांगलंही बघता येत नाही’ ही भर पडते. सकारात्मक विचारांच्या शिबिरातून परतलेली माणसं पंधरा दिवसांनी माझ्याकडे जास्त खचून येतात ती यामुळेच.

माझं काम ज्या पद्धतीवर चालतं तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९५५ मध्ये मांडली. महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी. एलिसशी त्यांचा कित्येक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि मराठीतून हे शिकायला बसलं की त्यांचं नाव येतंच.

एलिसची एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. तरुणपणी तो भलताच लाजाळू होता. मुलींशी बोलायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. वयाच्या १९व्या वर्षी त्याने ठरवलं की न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचं. महिनाभरात अशा १३० जणी भेटल्या. ३० जणी उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. त्यांतली एक पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही. हिशेब मांडला तर सपशेल अपयश. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, आभाळ कोसळलं नाही, आणि त्याची भीती गेली. (आज कोणी हा प्रयोग करू नये. बागेत निवांत बसलेल्या बाईला निवांत बसू द्यावं.) मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की घरी बसून ‘नकारात काय मोठंसं’ असं त्याने घोकलं नाही. नकार मिळाला तर आपण मरू, हे जे त्याच्या मनाने धरलं होतं, ते त्याने जाऊन तपासलं.

मूळ धागा त्याने उचलला तो एपिक्टेटसचा. हा पहिल्या-दुसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ, जन्माने गुलाम. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलची त्याची मतं करतात, असं त्याचं म्हणणं. गुलामीत जन्मलेल्या माणसाने म्हटलंय म्हणून मी ते ऐकून घेते. मालकाने म्हटलं असतं तर उठून गेले असते.

आता नेमकं बदलायचं काय. मराठीतून हे काम करणाऱ्यांची भाषेनेच एक सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मला मदत मिळायला हवी’ ही इच्छा झाली, आणि रास्त इच्छा. ‘मला मदत मिळायलाच हवी’ हा हुकूम झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, खंत वाटते, नाराजी येते. हुकूम मोडला गेला तर संताप येतो, नाहीतर सगळं संपल्यासारखं वाटतं. वरून दोन्ही त्रासच दिसतात, पण नाराज माणूस बोलू शकतो, मागू शकतो, भांडूही शकतो. संतापलेला माणूस ओरडतो किंवा तोंड फिरवून बसतो, आणि समोरचा सुटतो.

म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत दृष्टिकोन बदलणं इतकंच की इच्छा ठेवायची आणि ‘च’ काढायचा. दुःख काढायचं नाही. दुःख होण्यासारखं असेल तर दुःख व्हावं. काळजी आणि चिंता यांतही आम्ही असाच फरक करतो, आणि तिथेही भाषा मदतीला येते. आपण ‘काळजी घे’ म्हणतो. ‘चिंता घे’ असं कोणी म्हणत नाही, कारण चिंतेतून घेण्यासारखं काही हाती लागत नाही.

हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात कसं होतं ते एका किराणा दुकानदारांवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

त्यांना बायकोने धरून आणलं होतं. रक्तदाब चढलेला, गोळी वाढवलेली, रात्रीची झोप नाही. दुकानापासून दोन-तीनशे पावलांवर मोठं सुपरमार्केट उघडलं होतं, आणि हे गल्ल्यावर बसून रस्त्याने त्या मार्केटची पिशवी घेऊन कोण जातंय ते बघत राहायचे. बघायचे नाहीत, मोजायचे. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर पाच-पाचच्या जुड्यांनी रेघा. पहिल्याच भेटीत त्यांनी ती वही माझ्या टेबलावर उघडली आणि बोट ठेवून म्हणाले, ‘मंगळवारी एकतीस. त्यातली नऊ माझी गिऱ्हाइकं.’ मग एका घराचं नाव घेऊन, ‘याच्या बापाच्या तेराव्याचा शिधा मी उधारीवर दिला होता.’

मी विचारलं, पिशवी दिसते त्या क्षणी मनात कोणतं वाक्य येतं? म्हणाले, वाक्य कसलं, नुसती तिडीक येते. सगळे हेच म्हणतात. ते वाक्य इतकं जुनं आणि चपळ असतं की ऐकू येत नाही, फक्त त्याचा चटका जाणवतो. ते तिसऱ्या भेटीत सापडलं. ‘मी यांच्या अडीनडीला उभा राहिलो, आता यांनी माझ्याकडेच यायला पाहिजे. नाही आले म्हणजे एवढी वर्षं मी मूर्ख ठरलो.’ ही दोन वाक्यं आहेत. पहिल्यात ‘च’ आहे, दुसऱ्यात स्वतःला दिलेली शिवी. तिडीक पहिल्यामुळे होती. झोप दुसऱ्याने खाल्ली होती.

मग आम्ही वाद घातला. समजूत घालणं वेगळं आणि वाद घालणं वेगळं. या पद्धतीत आपल्याच वाक्याशी रीतसर वाद घालायचा असतो. उधार दिली तेव्हा ‘जन्मभर माझ्याकडेच याल’ असं ठरलं होतं का? न येणारा माणूस तुम्हाला मूर्ख ठरवतोय की चार पैसे वाचवतोय? मी म्हटलं, तुम्ही स्वतः कपडे कुठे शिवता? ते थांबले. वीस वर्षं त्यांचे शर्ट शिवणारा शिंपी त्याच गल्लीत होता, आणि अंगावर होता तो मॉलमधला तयार शर्ट. कॉलरला हात लावून ते माझ्यासमोर पहिल्यांदा हसले.

सुपरमार्केट पुढे काही बंद पडलं नाही. यांचा धंदा घटला तो घटलाच, पूर्वीच्या पाऊणपट राहिला असेल. पण रेघा थांबल्या, आणि मोजण्यातून मोकळ्या झालेल्या डोळ्यांना दुसरंही दिसायला लागलं. रात्री नऊनंतर लोक यांच्याकडे येतात, पाव किलो साखर, अगरबत्तीचा पुडा, दहाची शाम्पूची पुडी असलं काही न्यायला. म्हातारी माणसं यादी फोनवर सांगतात. त्यांनी दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवलं आणि घरपोच सामानाला एक पोरगा ठेवला. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे. झोप लागते. माझ्या कामात याला मी यश म्हणते.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतून मला काही वाक्यांचा वास येतोय. चुकत असेन तर खोडा.

एक असावं, ‘एवढं डोळ्यांसमोर दिसतंय, न सांगता यांना कळायलाच हवं.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या संसारांत असेल. न सांगता कळलं तर किती बरं. पण जो माणूस दीड वर्ष घरात असूनही डायपरचा पुडा कुठल्या कपाटात आहे हे जाणत नाही, त्याला न सांगता कळण्याची शक्यता किती? तुम्ही गणिताच्या बाई आहात, तुम्हीच काढा. ‘कळायलाच हवं’ म्हणत बसण्यात त्याचं काहीच जात नाही. तुमचा दिवस जातो.

दुसरं, ‘माझं आयुष्य थांबलं.’ यात ‘च’ दिसत नसला तरी एका गोष्टीचं ओझं साऱ्या गोष्टींवर टाकलं आहे. थांबलीय ती नोकरी. ते नुकसान मोठं आहे, पगाराचं आणि मानाचंही, त्याला छोटं करून दाखवणार नाही. पण गणित थांबलंय का? आठवड्यातून दोन संध्याकाळी दहावीची चार मुलं घरी येऊन बसू शकतात की नाही, हा प्रश्न ‘आयुष्य थांबलं’ म्हटलं की सुचतच नाही.

तिसरं सगळ्यांत घातक, आणि तुम्ही ते जवळजवळ लिहूनच दिलंय. ‘चांगली सून चिडतच नाही.’ तुमचा राग दुमजली आहे. खालच्या मजल्यावर थकवा आहे, अपुरी झोप आहे, हातची गेलेली शाळा आहे, त्यातून येणारी चिडचिड आहे. वरच्या मजल्यावर त्या चिडचिडीबद्दल स्वतःला दिलेली शिक्षा आहे. आम्ही नेहमी आधी वरचा मजला रिकामा करून घेतो, नाहीतर खालच्यावर जायला जिनाच मिळत नाही. दीड वर्षात अखंड झोप न मिळालेली बाई चिडते. सून म्हणून नाही, प्राणी म्हणून चिडते. चिडू नये अशी इच्छा जरूर ठेवा. चिडलात तर त्या वेळचं वागणं चुकलं म्हणा, हवं तर सासूबाईंची माफी मागा, आणि तिथे थांबा. त्यावरून ‘मी वाईट आहे’ इथपर्यंत जायला वाट नाही.

हे मी वरून सांगत नाहीये. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा मी हाच व्यवसाय करत होते. दुपारी लोकांना ‘च’ काढायला शिकवायचे आणि सकाळी वडिलांसमोर उपम्याची वाटी घेऊन घड्याळ बघत बसायचे. एक वाटी संपायला ५० मिनिटं. घास तोंडात धरून ठेवायचे. मला वाटायचं मुद्दाम करतात. आयुष्यभर हट्टी माणूस, त्यामुळे पुरावा जमवायला कष्ट नव्हते. एका सकाळी मी चमचा वाटीत आपटला. उपमा उडाला आणि त्यांच्या गळ्याभोवती बांधलेल्या पंचावर पडला. ते काही बोलले नाहीत. चांगल्या हाताने पंचावरचा एकेक दाणा वेचून त्यांनी वाटीत परत टाकला.

त्याच आठवड्यात घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, काकू, पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होऊ शकतो. ते हळू खातायत तेच बरंय. सरळ बसवा, हनुवटी थोडी खाली, चमचा लहान, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

तत्त्वज्ञान काही नव्हतं त्यात. पण दुसऱ्या दिवशीची ५० मिनिटं निराळी होती. कंटाळा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. ‘मुद्दाम करतात’ हे वाक्य मात्र गेलं, आणि त्याच्याबरोबर माझ्या मनगटातला ताठा गेला. तेही थोडं जास्त जेवायला लागले. आधीच्या ताठ्याचा काही भाग चमच्यातून त्यांच्यापर्यंत पोचत असणार.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. दृष्टिकोन पुष्कळदा विचार करून बदलत नाही, माहिती मिळाली की बदलतो. म्हणून तुम्हाला माझं पहिलं काम हे. सासूबाईंच्या ज्या ज्या वागण्याने तुमचं डोकं उठतं त्याची यादी करा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवून विचारा, यातलं आजाराचं किती आणि स्वभावाचं किती? पक्षाघातानंतर काही रुग्णांना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं आणि आवरता येत नाही. काहींना एक बाजू जाणवतच नाही. नजर शाबूत असून ताटाच्या डावीकडची भाजी तशीच राहते, आणि ‘मला भाजी वाढलीच नाही’ असं पाहुण्यांना सांगितलं जातं. काहींच्या मनात एक शब्द असतो आणि तोंडून दुसराच निघतो. हे माहीत नसलेल्या घरात त्याला ‘कांगावा’ म्हणतात. यादीतलं काही निव्वळ स्वभावाचंही निघेल. निघू दे. निदान लढाई कोणाशी आहे ते कळेल.

आता या पद्धतीची कुंपणं सांगते, कारण ती न सांगणारे लोकच ‘दृष्टिकोन बदल’ला बदनाम करतात.

काम नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक बाई यायच्या. नवऱ्याच्या बोलण्याचा त्रास व्हायचा म्हणून. मी उत्साहाने त्यांचे ‘च’ शोधत होते. ‘त्यांनी माझ्याशी नीटच बोलायला हवं’ वगैरे. वहीत छान तक्ते झाले होते. तिसऱ्या भेटीत पदर सारखा करताना दंडावरचा वळ दिसला. मी पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं ते विचारलंच नव्हतं. मार खाणाऱ्या बाईला मी मार सोसायचा दृष्टिकोन शिकवत होते. त्या दिवसापासून पहिल्या भेटीत मी घरातल्या हिंसेचं विचारल्याशिवाय पुढे जात नाही. जिथे हिंसा आहे तिथे आधी सुरक्षितता, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, १८१ ही महिला मदतवाहिनी. मनाचं काम त्यानंतर.

संशोधनातही हे कुंपण सापडतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचा अभ्यास तुम्ही कुठेतरी ऐकला असेल. कांस्यपदक मिळालेले रौप्यवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले होते, कारण एकाची नजर हुकलेल्या सुवर्णाकडे आणि दुसऱ्याची पदकच न मिळालेल्या चौथ्याकडे. ते भाषणांत छान दिसतं. तुमच्या कामाचा अभ्यास दुसरा आहे, २०१३ मधला, अ‍ॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांचा. ताण आपल्या हातातला नसेल तेव्हा ज्यांना परिस्थितीचा अर्थ नव्याने लावता येतो त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी दिसली. पण ताण हातातला होता, काही करता येण्यासारखं होतं, तिथे हेच कौशल्य असलेल्यांमध्ये ती लक्षणं जास्त दिसली. हा निष्कर्ष मी किती जणांना सांगितला असेल त्याला गणती नाही.

तुमच्या घरात याची फोड अशी होते. सासूबाईंचा पक्षाघात तुमच्या हातात नाही, तिथे दृष्टिकोन. नवरा रविवारी घरी असून त्यांना कुशीवर वळवत नाही, तिथे दृष्टिकोन नव्हे, वाटणी. जे हातातलं आहे ते ‘मी आता वेगळ्या नजरेने बघते’ म्हणून सोसत राहणं हा समजूतदारपणा नाही, आणि त्याची किंमत तुम्ही वर्षभराने मोजाल.

जाता जाता एक माहिती, कारण माहितीनेही नजर बदलते असं आत्ताच म्हटलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो २००७ चा कायदा आहे, त्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. कोर्टात जा म्हणून हे सांगत नाही. तुम्ही जे करताय ते तुम्ही करायचं ठरवलं म्हणून करताय, हे घरातल्या दोन अपत्यांना आणि तुम्हालाही एकदा नीट कळावं म्हणून सांगते. ‘मला करावंच लागतं’ आणि ‘मी करते आहे’ यांत चादर तीच असते, पण दुसऱ्या वाक्यात ‘इतकं करीन, याहून जास्त नाही’ म्हणायला जागा असते.

तेव्हा वाटणीचं बोलणं. ते संतापाच्या दिवशी करू नका, नाराजीच्या दिवशी करा. वाक्य आधी लिहून काढा, शक्य तितकं कोरडं. ‘रविवारी सकाळी नऊ ते एक आईंचं सगळं तुझ्याकडे. मी घरात नसेन.’ (अहो-जाहो करत असाल तर तसं.) शेवटचे तीन शब्द गाळू नका. घरात असलात तर पाचव्या मिनिटाला ‘अगं, तो पावडरचा डबा कुठंय?’ अशी हाक येणार. पहिल्या रविवारी काहीतरी बिघडेल. चादर वाकडी घातली जाईल, पेज पातळ होईल, सासूबाई तुमची वाट बघतील. बिघडू दे. तिथे तुमचा आणखी एक ‘च’ भेटेल, ‘माझ्यासारखंच नीट व्हायला हवं.’ बऱ्याच घरांत मदत याच दारातून परत गेलेली मी पाहिली आहे.

नणंदेला ‘ये ना गं दोन दिवस’ म्हणू नका, त्याला उत्तर ‘बघते’ असतं. ब्युरोची बाई अर्ध्या दिवसासाठी किती घेते ते विचारून आकडा सांगा आणि त्यातला अर्धा भाग मागा. आकड्याला ‘बघते’ म्हणणं जरा अवघड जातं. तरी म्हणतील. पुन्हा विचारा.

एक काळजी मात्र आजच घ्या. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, सासूबाई झोपल्या तरी तुम्हाला झोप येत नसेल, ‘नकोच हे सगळं’ असं वारंवार येत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ते आजाराचं लक्षण असू शकतं आणि आजाराला औषध असतं. लगेच जाणं होत नसेल तर १४४१६ ही सरकारची टेलिमानस वाहिनी आहे, पैसे पडत नाहीत.

आणि रोजचं काम. मुलांची दोनशेपानी वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा. काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, काय वाटलं. रोज एकच नोंद, पाच मिनिटं. पहिला आठवडा फक्त ‘च’भोवती गोल करायचा, सुधारायला जायचं नाही. मधला रकाना सुरुवातीला रिकामा राहील, माझ्या दुकानदारांचाही राहिला होता. दुसऱ्या आठवड्यात एकाच ‘च’शी वाद घाला, सगळ्यांत लहान असेल त्याच्याशी. आणि वाद नुसता कागदावर नको, एलिससारखा बाहेर जाऊन. ‘मी नसले तर घर कोसळेल’ असं वाक्य निघालं तर रविवारचे चार तास हाच त्याचा पुरावा तपासायचा मार्ग.

त्याच वहीच्या मागच्या पानावर सासूबाईंना कुशीवर वळवण्याच्या वेळा लिहा. दर दोन तासांनी, हवेची गादी असली तरी. टाचा, माकडहाड आणि खांदे रोज बघा, दाबूनही न जाणारा लालसरपणा दिसला तर डॉक्टरांना कळवा. जो वळवेल त्याने वेळेपुढे आपली सही करायची. महिनाभरात त्या पानावर दोन हस्ताक्षरं दिसायला हवीत. इथे ‘च’ लावायचा मोह मलाही होतोय.